आडवं ठेवलेलं लाटणं

(नवी मुंबईतील वस्तीपातळीवरच्या महिला गटांनी नेरूळ येथे भरवलेल्या चित्रप्रदर्शनात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



या खोलीच्या चारही भिंतींवर आज चित्रं लागली आहेत. बहुतेक चित्रांत बाई आहे. कुठे तिने मूठ आवळली आहे, कुठे ती बेडी तोडते आहे, कुठे तिच्या डोक्यावर हंडा आहे आणि कडेवर पोर. ही चित्रं आपल्या ओळखीची आहेत. त्यांना काय म्हणायचं आहे ते दारातूनच कळतं. पाण्याच्या पिंपाजवळच्या कोपऱ्यात मात्र एक लहान चित्र आहे. त्यात बाई नाही, घोषणा नाही आणि रंगही नाही. एक पोळपाट आहे आणि त्यावर आडवं ठेवलेलं लाटणं. चित्र साध्या पेन्सिलीने काढलेलं आहे.

मला 'स्त्रिया आणि चित्रकला' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. विषय फार मोठा आहे. मी आज या एका चित्रावरच बोलणार आहे, कारण चित्रं लावताना वाद झाला तो याच चित्रावरून. काही मैत्रिणी म्हणाल्या, "आपण इतकी वर्षं बाईला चुलीपासून सोडवायला झटतोय, आणि आपल्याच प्रदर्शनात पोळपाट-लाटणं? हे चित्र सांगतं तरी काय?" प्रश्न रास्त आहे. त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. पण उत्तर देण्याआधी आपण चित्र नीट बघू या. वाद घालताना आपण चित्राच्या विषयावर बोललो, चित्राकडे फार कमी पाहिलं.

चित्र काढणारी बाई इथेच बसली आहे. तिने नाव घेऊ नका असं सांगितलं आहे, म्हणून घेत नाही. ती सहा घरी पोळ्या करते. तिची मुलगी एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करत होती. तिच्या वहीतला उरलेला जाड कागद आणि तिचीच टूबी आणि सिक्सबी पेन्सिल घेऊन हिने हे चित्र काढलं. रात्री सगळं आवरल्यावर थोडं थोडं काढत चार रात्रींत पुरं केलं.

आता बघा. कागदाचा दोन-तृतीयांश भाग कोरा आहे. मागे ओटा नाही, भांडी नाहीत, गॅस नाही. पोळपाट गोल असला तरी कागदावर तो लंबगोल दिसतो, कारण ती जमिनीवर बसून, थोडं वरून बघत होती. लंबगोलाची डावी बाजू जरा चुकली आहे, आणि तिने ती रेघ खोडलेली नाही. शेजारीच दुसरी, बरोबर रेघ आहे. पोळपाटाचे दोन पाय दिसतात, तिसरा मागे लपला आहे. पुढचा एक पाय झिजलेला आहे, म्हणून सगळा पोळपाट किंचित कलला आहे. वर्षानुवर्षं लाटून लाटून तो मधोमध थोडा खोल झाला आहे, आणि लाटणं त्या खोलीत जाऊन बसलं आहे. सपाट पोळपाटावर ते घरंगळलं असतं. ती खोली तिने रेघेने दाखवलेली नाही. कडेपासून मध्यापर्यंत छटा हळूहळू गडद होत जाते, आणि बघणाऱ्याला कळतं की इथे लाकूड खाली गेलं आहे.

लाटण्याची दोन्ही टोकं मधल्या भागापेक्षा काळी आहेत. तिथे तिने सिक्सबी वापरली आहे. हाताचा घाम आणि तेल मुरून लाकूड काळं पडतं ते तिथेच. मधला भाग पिठाने घासून घासून फिकट राहतो. म्हणजे चित्रात हात नसला तरी हाताची जागा दिसते. आणि लाटण्याखाली एक मऊ, लांबट पडछाया आहे. चित्र शांत वाटतं ते मला वाटतं या पडछायेमुळे. वस्तू हलत असती तर सावली अशी स्थिर बसली नसती.

एवढं सगळं त्या चित्रात आहे. आपण त्यासमोरून पाणी प्यायला चार वेळा गेलो आणि 'पोळपाट-लाटणं' म्हणून पुढे गेलो. घरातल्या कामाचंही तसंच होतं. नाव माहीत असलं की आपल्याला वाटतं, बघून झालं.

अशा चित्राला आपल्या शाळांत वस्तुचित्र म्हणतात. राज्याच्या कला संचालनालयाच्या ग्रेड परीक्षा दिलेल्या प्रत्येकीला ते आठवत असेल. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. स्टुलावर बादली किंवा किटली, शेजारी एखादं फळ किंवा कांदा. हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यायचं. महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी असे तांबे आणि बादल्या काढल्या! परीक्षा संपली की ते चित्र रद्दीत गेलं. ज्या वस्तूकडे आपण तासभर टक लावून पाहिलं, तिच्याकडे पुन्हा तसं पाहायचं नसतं, ते फक्त मार्कांपुरतं असतं, हेही आपण तिथेच शिकलो.

कलेच्या इतिहासातही वस्तुचित्राची जागा खालचीच. युरोपातल्या कला-अकादम्यांनी सतराव्या शतकापासून चित्रांची उतरंड लावून ठेवली होती. सर्वांत वर इतिहास-पुराणातले भव्य प्रसंग, त्याखाली व्यक्तिचित्र, आणि सर्वांत खाली फळं-फुलं-भांडी. वरच्या पायरीवर चढायचं तर माणसाचं शरीर रेखाटता आलं पाहिजे, त्यासाठी नग्न मॉडेलसमोर बसून अभ्यास केला पाहिजे, आणि तिथे स्त्रियांना मज्जाव. लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ साली स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. मोझर फुलांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध होत्या. पुढे योहान झोफानी या चित्रकाराने सभासदांचं चित्र काढलं. त्यात पुरुष सभासद मॉडेलभोवती जमले आहेत, आणि या दोघी भिंतीवर टांगलेल्या तसबिरींतून बघताहेत! त्यानंतर अकॅडमीची पूर्ण सभासद म्हणून पुढची बाई, लॉरा नाइट, निवडली जायला १९३६ साल उजाडावं लागलं. थोर स्त्री चित्रकार का झाल्या नाहीत, असा प्रश्न लिंडा नॉक्लिन या कला-इतिहासकार बाईंनी १९७१ साली विचारला. उत्तर बायकांच्या अंगच्या गुणांत शोधू नका, शिक्षणाच्या आणि संस्थांच्या बंद दारांत शोधा, असं त्यांनी दाखवून दिलं.

आपल्याकडे मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ साली सुरू झालं. अंबिका धुरंधर यांनी तिथली पदविका मिळवली ती १९३१ साली. त्यांच्या घरातच चित्रकला होती, वडील एम. व्ही. धुरंधर नामवंत चित्रकार. ज्यांच्या घरात ती नव्हती त्यांच्या वाट्याला रांगोळी, भरतकाम आणि मुलांच्या वह्यांतली चित्रं आली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. साधी वस्तू काढणं हे पुरुषाने केलं की त्याला चिंतन म्हणतात. प्रभाकर बरवे हे फार मोठे चित्रकार. साध्या साध्या वस्तूंना त्यांनी कॅनव्हासवर एकटं उभं केलं, आणि १९९० साली आलेल्या 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकात त्याविषयी मराठीतून लिहिलंही. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण पोळ्या करणाऱ्या बाईने पोळपाट काढला की आपणच म्हणतो, "हिला दुसरं काही सुचलं नाही का?" ही उतरंड आपल्याही डोक्यात आहे.

आता लाटण्याकडे येऊ. लाटणं चित्रांत यापूर्वी आलंच नव्हतं असं नाही. दिवाळी अंकातली व्यंगचित्रं आठवा. रात्री उशिरा आलेला नवरा, दारात जाडजूड बायको, हातात लाटणं. पिढ्यानपिढ्या हा विनोद चालला. आपल्या सल्लाकेंद्रात बसणाऱ्या मैत्रिणींना विचारा, लाटण्याचे वळ कोणाच्या पाठीवर उमटलेले दिसतात. विनोदात मार नवरा खातो, तक्रारीच्या वहीत मात्र बाई.

मग बायकांनीच लाटणं रस्त्यावर आणलं. १९७२च्या दुष्काळाचा काळ. रेशनवर लाल मिलो मिळत होता, तेल, साखर, रॉकेल मिळेनासं झालं होतं. मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या. त्यांच्या हाकेला ओ देऊन हजारो गृहिणी लाटणी घेऊन, थाळ्या बडवत रस्त्यावर उतरल्या. तो लाटणं मोर्चा. विनोदातलं लाटणं तिथे राजकारणात आलं. आपली लाटणं उंचावलेली सगळी पोस्टरं त्या मोर्चाची लेकरं आहेत.

लाटण्याने बायकांना पैसाही दिला. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणी कामगारांचे डबे रांधणाऱ्या, सावकाराच्या व्याजात बुडालेल्या या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. पुढे या मंडळाचं केंद्र आपल्या वाशीतही उभं राहिलं.

इथे एक भान ठेवायला हवं. लाटणं सगळ्या बायकांचं सारखं नाही. १९७० साली सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. त्या गावांतल्या आगरी-कोळी बायका तांदळाची भाकरी हातावर थापत. मार्केटमधल्या माथाडी कामगारांबरोबर साताऱ्या-पुण्याकडून आलेल्या बायका ज्वारी-बाजरीची भाकरी परातीत थापत. भाकरीला लाटणं लागत नाही. गव्हाची रोजची पोळी बऱ्याच घरांत उशिरा आली. आणि आज त्याच बायका, त्यांच्या लेकी-सुना, टॉवरमधल्या घरांत पोळ्या लाटायला जातात. घरकामगार बायकांच्या कल्याण मंडळासाठी महाराष्ट्राने २००८ साली कायदा केला. कायद्याच्या पुस्तकात 'घरेलू कामगार' हा शब्द यायला एवढी वर्षं लागली. तेव्हा 'स्त्रीचं लाटणं' असं सरसकट म्हणताना, कोणाचं लाटणं आणि कोणाच्या पोळ्या, हे विचारायचं राहू नये.

या चित्रातलं लाटणं दुसऱ्याच्या घरचं नाही, हे मी तिला विचारून घेतलं. दिवसभर ती सहा वेगवेगळ्या लाटण्यांनी लाटते. काढलं ते तिने स्वतःचं, झिजक्या पायाच्या पोळपाटावरचं.

आता मूळ प्रश्न. हे चित्र सांगतं काय?

आपल्या चळवळीने लाटण्याची दोन रूपं ओळखली. एक उगारलेलं, मोर्चातलं. दुसरं फिरणारं, श्रमाचं. दुसऱ्या रूपासाठी आपण फार भांडलो. घरकाम हे काम आहे, ते मोजा, असं सांगून घसा कोरडा केला. अखेर देशभरचं पहिलं वेळ-वापर सर्वेक्षण २०१९ साली झालं आणि दुसरं २०२४ साली. २०२४चा आकडा सांगतो की घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. हे आकडे आपल्या हातात आले ही मोठी गोष्ट आहे.

पण लाटण्याचं तिसरं रूपही आहे, ते म्हणजे थांबलेलं लाटणं. त्याचा आकडा आपण मागत नाही. या चित्रात तेच आहे. लाटणं आडवं आहे याचा अर्थ पोळ्या झाल्या आहेत, पीठ पुसलं आहे, आणि एक बाई त्याच्यासमोर हातात पीठ न घेता, पेन्सिल घेऊन बसली आहे. कोणी हाक मारत नाही. कोणासाठी काही करायचं नाही. बाईच्या आयुष्यातला असा वेळ कोणत्या पोस्टरवर आपण दाखवला आहे? आपल्या चित्रांतली बाई एक तर राबते किंवा लढते. नुसती बसून काहीतरी निरखणारी बाई आपल्याच चित्रांतून गायब आहे.

कामगार चळवळीला हे कळलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. पगाराबरोबर त्यांनी सुट्टीही मागितली. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. माणसाला स्वतःचा एक दिवस हवा, ही मागणी चैनीची नव्हती. पण त्या रविवारी घरातलं लाटणं जास्तच फिरलं असणार, कारण सगळे घरी जेवायला होते. आजही रविवारी पुऱ्याच असतात! लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी लाटण्यापर्यंत अजून पोचायची आहे.

आइसलँडमधल्या बायकांनी ती एक दिवस घेऊन दाखवली. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तिथल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी नोकरी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं, सगळं थांबवलं. त्या दिवसाला त्यांनी नावच दिलं, 'स्त्रियांचा सुट्टीचा दिवस'. दुकानं, शाळा, कचेऱ्या अडल्या. पुढच्याच वर्षी तिथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला. थांबलेलं लाटणं किती बोलतं, ते त्या देशाने ऐकलं.

म्हणून मला हे चित्र आपल्या पोस्टरांच्या विरुद्ध वाटत नाही. ते त्यांच्या पुढचं पाऊल सांगतं. आपण मूठ कशासाठी आवळली? कधीतरी ती उघडून त्यात पेन्सिल धरता यावी म्हणूनही ना?

हे स्वयंपाकघराचं गौरवीकरण आहे, असा आक्षेपही आला. गौरवीकरण कसं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. कॅलेंडरवरची हसरी अन्नपूर्णा, जाहिरातीतली न दमणारी आई, पोळी फुगली की उजळणारा चेहरा. त्या चित्रांत वस्तू नव्या कोऱ्या असतात आणि बाई हसत असते. इथे पोळपाट झिजलेला आहे, पाय तुटायला आला आहे, लाकूड काळं पडलं आहे, आणि हसायला कोणी नाही. तिने काही सजवलं नाही आणि रडूनही सांगितलं नाही. किती लाटलं असेल याचा हिशेब त्या खोलगट लाकडात आहे, आणि तो बघणारीने करायचा आहे. पोस्टर आपल्याला काय करायचं ते सांगतं. हे चित्र थांबायला सांगतं. चळवळीला दोन्ही लागतं.

पेन्सिलीबद्दलही बोललं पाहिजे. शिशाची म्हणतो आपण, पण तिच्यात शिसं नसतं. ग्राफाइटची पूड आणि माती मिसळून ती भाजतात. ही युक्ती १७९५ साली फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते यांनी शोधली. माती जास्त तर पेन्सिल कठीण आणि फिकट, कमी तर मऊ आणि काळी. रंग, ब्रश, कॅनव्हासच्या मानाने ती अगदी स्वस्त. पण बायकांच्या दृष्टीने तिचा मोठा गुण वेगळाच आहे. ती वाट बघते. जलरंग अर्धवट सोडला तर वाळून डाग पडतो, तैलरंगाला खोली लागते, वास घरभर होतो. पेन्सिल मात्र कुकरची शिट्टी झाली की ठेवता येते, मूल उठलं की ठेवता येते, आणि दुसऱ्या रात्री तिथूनच पुढे नेता येते. तुकड्यातुकड्यांत मिळणाऱ्या वेळाचं ते साधन आहे. या चित्रात चार रात्रींचे जोड कुठेही दिसत नाहीत, हे तिचं कसब. पण चार रात्री लागल्या, सलग दोन तास मिळाले नाहीत, हीही त्याच चित्राची गोष्ट आहे.

तेव्हा माझ्या दोन-तीन सूचना आहेत. पहिली, हे चित्र पिंपाजवळून काढून मोर्चाच्या पोस्टरशेजारी लावा. उगारलेलं लाटणं आणि आडवं लाटणं एकाच भिंतीवर दिसू द्या. दुसरी, वस्तीत पाहणी करताना 'दिवसात किती तास काम' याबरोबर 'शेवटचं कधी नुसतं बसलात' हाही प्रश्न वहीत घाला. कित्येक जणी हसतील. कित्येकींना उत्तर द्यायला वेळ लागेल. दोन्ही लिहून घ्या.

तिसरी सूचना आत्ताचीच. दाराजवळच्या टेबलावर कोरे कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकीने घ्याव्यात. विळी, खलबत्ता, मिसरीची डबी, लोकलचा पास, काहीही काढा. चित्र चांगलं येण्याची अट नाही. आधी वस्तूकडे दहा मिनिटं बघायचं, एवढीच अट. आणि त्या रात्रीच्या पोळ्या घरातल्या दुसऱ्या कोणीतरी लाटायच्या. वाकड्या झाल्या तर होऊ द्या, तुमच्या लंबगोलाची एक बाजूही चुकणारच आहे.